सहा वाजून चार मिनिटं

सुसितिना मंगळवारी दुपारच्या बसने आमच्या गावात उतरली, तेव्हाच ती थकलेली होती. पाठीवरच्या पिशवीत एक फुटका लॅपटॉप, एका हातात बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा, दुसऱ्या हातात छत्री, आणि उजवा गुडघा असा, की बसच्या पायरीवरून तो आधी खाली ठेवावा की मागून आणावा, याचा विचार करत ती क्षणभर तशीच उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती म्हणाली, "थांब रे बाबा, पाय माझा आहे, बस तुझी आहे."

माझ्या बायकोची ती चुलतबहीण. म्हणून मुक्काम आमच्याकडे. नाहीतरी सवाई बेटाच्या या किनाऱ्यावर ती कुठल्याही गावात उतरली तरी कुणाची ना कुणाची बहीण निघतेच.

डब्यात तिची हत्यारं असायची. स्क्रू काढायचे पाच-सहा पेचकस, खोडरबर, रंगाचा मऊ ब्रश, दोन पेनड्राइव्ह आणि एक वही. कॉम्प्युटरचं काम तिला कुणी शिकवलेलं नाही. आपियात, म्हणजे राजधानीत, एका कचेरीत ती फरशी पुसायला होती. नवरा फळं तोडायला न्यूझीलंडला गेला तो तिकडेच राहिला, त्याच वर्षी कचेरीने एक बिघडलेलं मशीन कचऱ्यात टाकलं. तिने ते डोक्यावर घेऊन घरी आणलं. सात महिने रोज संध्याकाळी ते उघडायचं, बंद करायचं. एके दिवशी ते उठलं. तेव्हापासून वीस वर्षं ती दुसऱ्यांची मशीनं उठवत गावोगाव फिरते आहे. चोपन्न वर्षांची आहे. मी तिला एकदा विचारलं होतं, की एवढ्या वर्षांत तुला या कामाची गंमत वाटते का? ती म्हणाली, "दाजी, गंमत पहिल्या मशीनला वाटली. नंतरची सगळी आजारी माणसं."

आमच्या वाइलोतोच्या शाळेचं मशीन असंच पडलं होतं. जुनी सिस्टीम सडली होती आणि शिक्षणाच्या कचेरीने पेनड्राइव्हवर नवी पाठवली होती, परीक्षेच्या सगळ्या सामानासकट. आठवीची परीक्षा यंदापासून कॉम्प्युटरवर. पोरांना कचेरीचे टॅबलेट मिळणार, पण त्यांना प्रश्न पुरवणार कचेरीने दिलेलं शाळेचं मशीनच. शुक्रवारी रात्री आठच्या आत शाळेच्या मशीनने कचेरीला 'हजर' असा निरोप धाडायचा. ज्या शाळेचा निरोप येणार नाही तिची पोरं परीक्षेला एकोणीस किलोमीटर लांब, काळ्या खडकाच्या रानापलीकडच्या शाळेत जाणार. आणि पत्रात खाली एक ओळ होती, की जी शाळा स्वतः परीक्षा घेऊ शकत नाही, तिचा वरचा वर्ग पुढच्या वर्षी बंद.

ती ओळ मुख्याध्यापिका इयानेताबाईंनी मला वाचून दाखवली तेव्हा त्यांचा चष्मा दोनदा घसरला. तो वर्ग त्यांनी सुरू केलेला. त्याच्या आधी गावातली पोरं बारा वर्षांची झाली की कुणाच्या ना कुणाच्या नातलगाकडे दूर राहायला जायची, आणि त्यातली बरीच परत यायची नाहीत.

"होईल ना गं?" इयानेताबाईंनी सुसीला विचारलं.

"सिस्टीम टाकायचीये फक्त," सुसी म्हणाली. "मशीन म्हातारं आहे. पाच तास घेईल. पण टाकून देईल."

अडचण एवढीच होती, की मशीन ज्या खोलीत होतं तिथे दीडपर्यंत पहिलीची एक्केचाळीस पोरं बसायची, आणि मंगळवारी पोरं घरी जाता जाताच एकाने वायरीत पाय घातला आणि मशीन जमिनीवर येता येता राहिलं होतं. तेव्हा काम दुपारी दोनलाच सुरू करायचं ठरलं. दोनला तिने पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर पांढरी पट्टी उमटली आणि मुंगीच्या चालीने भरू लागली. ती शेजारी पाय पसरून बसली. पावणेसहाला रस्त्यावरून पहिला शंख झाला.

आमच्याकडे रोज तिन्हीसांजेला तीन शंख होतात. पहिला झाला की माणसं घराकडे वळतात. दुसऱ्याला सगळं गाव घरात बसतं, रस्त्यावर काठ्या घेतलेले तरुण उभे राहतात, आणि कुत्रं सोडून कुणी हलत नाही. त्याला आम्ही 'सा' म्हणतो. घराघरातून प्रार्थना आणि गाणी. तिसरा शंख झाला की चुली पुन्हा बोलू लागतात. सुसी पहिल्या शंखालाच उठली, पट्टी अजून पाऊणच भरली होती, ती तशीच चालू ठेवून घरी आली. मशीन काम संपलं की आपोआप बंद होऊन आपोआप उठतं, त्याला माणसाची गरज नसते, असं तिने आम्हाला जेवताना सांगितलं. मग उकडलेल्या तारोच्या कंदाचा अर्धा तुकडा तोंडात असतानाच ती पेंगली.

बुधवारी सकाळी साडेसहाला ती शाळेत गेली. पडदा काळा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, की चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

"सिस्टीम पडलीये, पण मशीनला दिसत नाहीये," ती म्हणाली. "शोधायला चुकीच्या जागी जात असेल." तिने आतली सेटिंग उघडून शोधायचा क्रम बदलला. तीच ओळ. जुनी पद्धत लावली, नवी पद्धत लावली. तीच ओळ. मग पोरं आली.

बुधवारी दुपारी तिने मशीनचं पोट उघडलं. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे पितळी दात खोडरबराने घासले, वायरी बदलल्या, ब्रशने वर्षांची धूळ काढली. त्या धुळीत तीन मेलेल्या पाली आणि खडूचा तुकडा निघाला. पुन्हा पहिल्यापासून सिस्टीम टाकायला लावली. पहिल्या शंखाला उठली. गुरुवारी सकाळी पुन्हा काळा पडदा.

गुरुवारी ती घरी येऊन ओट्यावर बसली आणि कोकोचा कप हातात धरून कितीतरी वेळ प्यायलीच नाही. माझी बायको लागी म्हणाली, "गार होतोय."

"होऊ दे ताई. मीही होतेय."

"सोड ना मग. सांग त्यांना, मशीन मेलं."

"मेलेलं नाही ते. तेच तर आहे. मेलेलं मशीन मला कळतं, त्याच्या अंगावर हात ठेवला की कळतं. हे झोपेचं सोंग घेतंय." मग एकदम तिने आमच्या दुकानाच्या वजनकाट्याकडे बघितलं. "दाजी, त्या काट्यात गोल सेल आहे का, बटणाएवढा?"

मशीनमधला सेल मेलेला होता. त्यामुळे त्याला वेळच कळत नव्हती. दर वेळी वीज गेली की ते बापडं वीस वर्षांपूर्वीच्या जानेवारीत जाऊन बसायचं. आमच्या काट्याचा सेल तिने त्यात घातला, घड्याळ लावलं, आणि तिसऱ्यांदा पट्टी चालू केली. त्या दिवशी आम्ही साखर अंदाजाने विकली. लोक म्हणाले, सुसी आली की गावाला फायदा आहे.

शुक्रवारी सकाळी काळा पडदा.

या वेळी तिने डिस्क काढली आणि आपल्या फुटक्या लॅपटॉपला जोडून आत काय लिहिलंय ते बघितलं. मी तिथेच होतो, दिवाबत्तीचं तेल द्यायला आलो होतो. सिस्टीम अर्धीच होती. शेवटची फाइल संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी लिहिलेली. त्यानंतर काहीच नाही, भिंत बांधता बांधता गवंडी उठून गेल्यासारखं. तिने वहीत '६:०४' लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

"सापडलं," ती म्हणाली, पण आवाजात आनंद नव्हता. "डिस्कला जखम आहे. पट्टी तिथवर जाते आणि पडते."

पाद्रीबाबांच्या घरी एक बंद मशीन होतं. त्यातली डिस्क मागून आणायला अकरा वाजले. ती साफ करायला, बसवायला दीड. पोरं गेली आणि सव्वादोनला तिने शेवटची पट्टी चालू केली. आता गणित सोपं होतं. पाच तास म्हणजे सव्वासात. आठच्या आत निरोप गेला तर गेला, पुन्हा टाकायला वेळ नाही. शनिवारी कचेरी बंद, रविवारी तर आमच्याकडे कुणी झाडूही हातात घेत नाही.

इयानेताबाई त्या दिवशी घरी गेल्याच नाहीत. एरवी त्या तीनला जातात, त्यांचं घर ओढ्यापलीकडे आहे. बाकावर बसून त्या पट्टीकडे अशा बघत होत्या की जणू प्रसूतीच्या खोलीबाहेर बसल्यात.

"बाई, बघून ती पळत नाही," सुसी म्हणाली.

"मला माहितीये. पण न बघून तरी कुठे पळते?"

पाच वाजले. साडेपाच. मी सुसीला घरी न्यायला आलो होतो, तिच्या गुडघ्याला आता खांदा लागत होता. पट्टी दोन तृतीयांश भरली होती. पहिला शंख व्हायच्या जरा आधी दारात आसोमुआ आजोबा उभे राहिले.

आसोमुआ हे आमच्या गावातले सगळ्यात वयस्क मताई, म्हणजे घराण्याचे प्रमुख. शाळेला लागून त्यांचं घर. शाळेची किल्ली, नळ, विजेचा खटका, सगळं त्यांच्या हातात, आणि ते कुणी त्यांना दिलेलं नाही, ते त्यांच्याकडे असतंच. फुलाफुलांची लुंगी, खांद्यावर तसलंच कापड.

"चला पोरींनो, उठा," ते म्हणाले. "लाइट खाली करायचीये."

"करा की आजोबा," सुसी पेचकस डब्यात ठेवत म्हणाली. "दिवा आम्ही लावलेलाच नाही."

"दिवा नाही गं. मागचा मोठा खटका. सा आहे ना."

सुसीचा हात डब्यातच राहिला.

"मोठा खटका? म्हणजे सगळ्या शाळेची वीज?"

"मग! अर्ध्या शाळेची कशी करणार? दुसरा शंख झाला की गाणं म्हणतो, चार मिनिटांत ते संपलं की खाली करतो, प्रार्थना झाली की वर करतो. पंखे नकोत, घंटा नको. मागे एकदा त्या विजेच्या घंटीने पाद्रीबाबा बोलत असताना आवाज केला होता. तेव्हापासून रोज करतो मी. सव्वीस वर्षं."

"रोज?" इयानेताबाई म्हणाल्या. "मला कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही तीनला घरी जाता. आणि त्यात बोलायचं काय? शंख झाला की लुंगी नेसतो हे मी सांगतो का तुम्हाला?"

सुसीने वही काढली. ६:०४ वर बोट ठेवलं. मला वाटलं ती हसेल किंवा चिडेल. तिने वही मिटली आणि म्हणाली, "चार दिवस. मी वायरी बदलल्या. सेल बदलला. डिस्क बदलली. वीज आली की मशीन आपणहून उठायचं आणि मी सकाळी बघायची तर चालू. मला वाटायचं रात्रभर चालूच होतं. मी स्वतः शंख ऐकून घरी जायची, आणि माझ्या डोक्यात आलं नाही." मग हळूच, "लहानपणापासून ऐकतेय. तो ऐकूच येत नाही आता."

"मग आज खाली करू नका आजोबा," इयानेताबाई म्हणाल्या. "एक दिवस."

आसोमुआंचा चेहरा बदलला नाही. "सा मध्ये यंत्र चालणार? माझ्या दारात?"

"वर्ग जाईल आजोबा. आज आठच्या आत निरोप गेला नाही तर वरचा वर्ग जाईल."

"वर्ग जाऊ नये असं मलाही वाटतं. माझे दोन नातू त्यात आहेत. पण रस्त्यावर मी पोरांना काठ्या देऊन उभं करतो. कुणी चालला तर त्याच्याकडून दंड म्हणून डुक्कर घेतो. उद्या ते म्हणतील, आजोबांच्या शाळेत यंत्र चाललं, त्याचं डुक्कर कुठे?"

पहिला शंख झाला. लांबून, समुद्राच्या बाजूने. सुसी उठली नाही.

"आजोबा, एक सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज इतका दमलेला होता की त्यात विनवणी मावत नव्हती. "तुमच्या घरी आज भट्टी लावलीये ना? मघाशी धूर दिसला."

"लावलीये. उद्या पुतणी येतेय."

"तापलेले दगड, वर तारो, त्यावर डुकराचं मांस, वर केळीची पानं. झाकलीत?"

"झाकली."

"सा झाली म्हणून दगड गार होतील का?"

आसोमुआंनी दाराबाहेर बघितलं. बाहेर एक कोंबडी रस्ता ओलांडून गेली.

"भट्टी झाकलेली असते," ते शेवटी म्हणाले. "आणि सा मध्ये ती कुणी उघडत नाही, हात लावत नाही. आत काय चाललंय ते दगड जाणोत."

"हेही झाकू. हात लावणार नाही."

"शपथ?"

"शपथ."

त्यांनी खांद्यावरचं कापड काढलं आणि दोन्ही हातांनी, शवावर घालावं तितक्या काळजीने, पडद्यावर टाकलं. मग घरी जायला वेळ उरला नव्हता. दुसरा शंख झाला. आम्ही चौघं तिथेच पहिलीच्या पोरांच्या चटईवर मांडी घालून बसलो. सुसीची मांडी होत नव्हती, तिने पाय लांब करून त्यावर चटईचा कोपरा ओढून घेतला. आजोबांनी गाणं सुरू केलं. इयानेताबाईंनी वरचा सूर धरला. गावभर तेच गाणं वेगवेगळ्या घरांतून वेगवेगळ्या जागी पोचलेलं ऐकू येत होतं. सहा वाजून चार मिनिटं झाली. पंखा फिरत राहिला. आजोबांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटले.

मग त्या पातळ कापडाच्या आत उजेड बदलला.

आधी निळसर होता, तो पांढरा झाला. फुलांच्या मधोमध एक चौकोन दिसू लागला. अक्षरं वाचता येत नव्हती. पण सुसीला वाचायची गरज नव्हती. तिच्या श्वासावरून मला कळलं. मशीन काहीतरी विचारत होतं, बहुधा या परक्या डिस्कमुळे, एरवी ते विचारत नाही. पुढे जाऊ का, हो की नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत ते तसंच थांबणार होतं. एक बटण. हाताच्या अंतरावर. सुसीने दोन्ही हात उचलून मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली.

आजोबांची प्रार्थना लांबली. वयाने मोठा माणूस प्रार्थना सांगतो, आणि ते सगळ्यात मोठे. त्यांनी पावसासाठी मागितलं, मासळीसाठी, आजारी माणसांसाठी नावं घेऊन. न्यूझीलंडला गेलेल्यांची नावं घेतली. परत आलेल्यांची घेतली. परत न आलेल्यांचीही घेतली, तेव्हा सुसीची मान खाली गेली. माझं लक्ष प्रार्थनेत नव्हतं हे मी कबूल करतो. मी मिनिटं मोजत होतो. सहा पंचवीस झाले. वीस मिनिटं त्या चौकोनाने फुकट खाल्ली.

"आणि या लेकीला," आजोबा म्हणाले, "जिने दुसऱ्यांच्या दारात इतके दिवस उभं राहून काढले, तिला आज बसायला मिळो. आमेन."

तिसरा शंख झाला. आजोबांनी स्वतः कापड उचललं. सुसीने हात बाहेर काढले, ते बधिर झाले होते. ती बोटं झटकत होती, पण बटणावर एकही नीट पडेना. "तुम्हीच दाबा," ती आजोबांना म्हणाली. "ते मोठं, उजवीकडचं."

"मी?"

"तुमच्या दारात चाललंय ना."

त्यांनी अंगठ्याने दाबलं, मतदानाला शाई लावल्यासारखं. पट्टी पुढे सरकली.

आजोबा भट्टीकडे गेले नाहीत. सात झाले. साडेसात झाले. सात पस्तीसला पट्टी भरली, मशीन बंद झालं आणि पडदा काळा पडला.

तो काळा पडदा किती वेळ होता, कुणास ठाऊक. आम्ही चौघांनी तीच पांढरी ओळ यायची वाट बघितली. सुसीने पेनड्राइव्ह ओढून मुठीत धरला होता. ओळ आली नाही. एक ठिपका आला, तो गोल फिरू लागला, आणि त्याच्या मागून एक डोंगराचं चित्र आलं, ज्या देशात आमच्यापैकी कुणी गेलं नाही तिथलं.

इयानेताबाईंनी तोंडावर हात ठेवला. सुसी म्हणाली, "अजून नाही बाई. निरोप राहिलाय." नेट आमच्याकडे संध्याकाळी सगळं गाव वापरतं. सात बावन्नला निरोप गेला. पाच मिनिटं काही नाही. मग इयानेताबाईंचा फोन वाजला.

"वाइलोतो?" पलीकडून एका तरुण माणसाचा कंटाळलेला आवाज. त्यांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला होता.

"हो. हो, वाइलोतो."

"तुमचं 'हजर' आलं. सोमवारी पोरांना आठला बसवा. पेन्सिली लागणार नाहीत, तरी आणायला सांगा, पोरं घाबरत नाहीत मग."

"म्हणजे झालं?"

"झालं की. उशीर केलात बाई. काय, मशीन बिघडलं होतं?"

इयानेताबाईंनी सुसीकडे बघितलं. सुसीने नकारार्थी मान हलवली.

"नाही," इयानेताबाई म्हणाल्या. "मशीन चांगलं होतं."

फोन ठेवून त्या उठल्या आणि कपाटातून खडू काढून शेजारच्या आठवीच्या वर्गात गेल्या. आठवीची तेवीस पोरं, तेवीस जागा. पहिल्या बाकावर त्यांनी एकाचा आकडा लिहिला, वाकून नीट, मोठा. मी दारातून म्हणालो, "बाई, सोमवारला अवकाश आहे."

"असू दे. मला आत्ता लिहू दे."

सुसी चटईवर आडवी झाली होती. डबा उशाला. आजोबांनी तेच फुलांचं कापड तिच्या पायांवर टाकलं आणि मला खुणेने गप्प राहायला सांगितलं. पण ती झोपली नव्हती. डोळे मिटूनच म्हणाली, "दाजी, सकाळची बस किती वाजता?"

"साडेपाचला. राहा की दोन दिवस. लागी रागावेल."

"पलीकडच्या गावात दवाखान्याचं मशीन आहे. तीन दिवस झाले म्हणे उठत नाही." तिने गुडघा हाताने उचलून बाजूला ठेवला. "मला पाचला उठवा."

इयानेताबाई सातव्या बाकापर्यंत पोचल्या होत्या.